आतल्या रस्त्याने

फाल्गुन लागला की लातूर-नांदेडच्या माळरानावर रंग थोडे उरतात. ज्वारीची काढणी झालेली असते, कडब्याच्या गंजी रचल्या जात असतात. करडई वाळून काट्यावर आलेली असते. हरभऱ्याचे ढीग मळणी यंत्राची वाट पाहत रानात पडलेले असतात. ओढे आटत येतात, काळ्या जमिनीला बारीक भेगा पडू लागतात आणि अशा करड्या, उघड्या पसाऱ्यात बांधावरचा एखादा पळस अंगावर पान नसताना केशरी फुलांनी भरून उभा राहतो. पुस्तकातला हिरवागार वसंत मराठवाड्यात येत नाही. येथला वसंत कोरडा असतो. परंतु याच दिवसांत शेतकऱ्याच्या घरी रब्बीचे धान्य येते आणि व्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेब येतात. त्यामुळे दोघांच्याही दृष्टीने हा ऋतू मोठा.

लातूरच्या भुसार बाजारात आडतीचा व्यवसाय असलेल्या एका गृहस्थाने गेल्या फाल्गुनात लातूर ते नांदेड हा प्रवास मोटारसायकलवरून केला, तोही आतल्या रस्त्याने आणि संबंध दिवस खर्ची घालून. त्याचे वय छप्पन्न. घरी मोटार आहे. चाकूर, अहमदपूर, लोहा यांच्या अंगाने जाणारा महामार्ग आता चौपदरी झाला आहे आणि नांदेडला पोहोचायला अडीच-तीन तास पुरतात. घरातल्यांना हा बेत काही रुचला नाही. मुलाने गाडी टेम्पोत टाकून पाठवण्याचे सुचवले. पत्नीने गुडघ्यांची आठवण करून दिली. त्याने दोघांचेही ऐकून घेतले आणि ठरल्या दिवशी गादीची किल्ली मुलाच्या हाती दिली.

निमित्त गाडीचेच होते. ती राजदूत, फरीदाबादच्या एस्कॉर्ट्स कारखान्यातली, १७५ सीसीची. बाबूजींनी ती १९७९ साली घेतली होती. बाबूजींना जाऊन तीन वर्षे झाली, तेव्हापासून ती गोदामाच्या कोपऱ्यात पोत्यांखाली पडून होती. नांदेडला दिलेल्या थोरल्या बहिणीच्या मुलाला जुन्या गाड्यांचा छंद आहे. आजोबांची गाडी मला द्या, असे त्याने दोन दिवाळ्यांत मागितले होते. भंगारात घालण्यापेक्षा भाच्याच्या अंगणात ती बरी राहील, असे सर्वांनाच वाटले. ओळखीच्या मिस्त्रीने कार्बोरेटर उघडून स्वच्छ केला, केबली बदलल्या, टायर बदलले. मग एका सकाळी बाजाराच्या गल्लीत तिचा तो जुना, सुटा-सुटा आवाज पुन्हा घुमला. दोन दुकाने पलीकडचे म्हातारे हमाल चहाचा कप हातात घेऊन बाहेर आले आणि काही न बोलता उभे राहिले.

या गाडीने पुष्कळ पाहिले होते. दरवर्षी फाल्गुनात बाबूजी तिच्यावरून फेरीला निघत. वसुलीची फेरी असे तिला घरात म्हणत. पण वसुली हा त्यातला लहान भाग होता. कोणाचा हरभरा कसा आला, कोणाची विहीर आटली, कोणाच्या घरी मुलीचे लग्न निघाले, हे ते बांधावर उभे राहून पाहत. पेढीवरच्या वहीत जी रक्कम दिसते तिच्यामागचे घर त्यांना ठाऊक असे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्याच रात्री गणपतीचे विसर्जन करून गावे झोपली होती. त्या दिवशी दुपारी बाबूजी याच गाडीवर मागे गूळ आणि फुटाण्यांची पोती बांधून औशाच्या रस्त्याने गेले आणि तिसऱ्या दिवशी परतले. काय पाहिले ते त्यांनी घरी कधी सांगितले नाही. पुढे भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले, तेव्हा त्या कामाचा उल्लेख निघाला की त्यांचे डोळे भरून येत, एवढेच घरच्यांना माहीत.

बाबूजी गाडी फार हळू चालवीत. तिशीच्या पुढे काटा गेला तर आपण घाई करीत आहोत असे ते मानीत. चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकावे, ही ईर्यासमिती साधू-साध्वींची. गृहस्थाला ती पाळणे शक्य नाही, हे त्यांना कळत होते. तरी ते म्हणत, "महाराजसाहेब ज्या वाटेने अनवाणी विहार करतात, त्याच वाटेने आपण चाकावर जातो. निदान नजर तरी रस्त्यावर असू द्यावी." रस्ता ओलांडणारा सरडा दिसला की ते गाडी थांबवीत. मागे बसलेल्या लहान मुलाला तेव्हा त्याचा कंटाळा येई. तोच मुलगा आता छप्पन्नाव्या वर्षी तीच गाडी घेऊन निघाला होता.

सकाळी नवकारशी झाल्यावर त्याने लातूर सोडले. डिकीत उकळलेल्या पाण्याची बाटली, दोन खाकरे, स्पार्क प्लग उघडण्याचा पाना आणि पॉलिश कागदाचा तुकडा होता. ही गाडी दोन स्ट्रोकची असल्यामुळे पेट्रोलमध्ये ऑइल मोजून मिसळावे लागते. ऑइल मिसळून देणारी यंत्रे पंपांवरून केव्हाच गेली. त्याने घरूनच मापाने ऑइल आणले होते. पंपावरचा पोरगा ते कुतूहलाने पाहत राहिला.

उदगीरच्या रस्त्याने नळेगावपर्यंत रहदारी होती. उसाच्या गाड्या, हरभऱ्याचे कट्टे भरलेले टेम्पो आणि शाळेच्या बस यांच्यामधून तो कडेकडेने चालला. कट्टे भरलेला प्रत्येक टेम्पो पाहून त्याच्या मनात आपोआप वजन मांडले जाई, ओलावा मोजला जाई, आज सौद्यात पोटली कितीला फुटेल याचा अंदाज येई. चाळीस वर्षांची सवय. नळेगाव मागे पडले, त्याने वडवळ नागनाथच्या अंगाने आतला रस्ता धरला, आणि मग हळूहळू तो हिशेब बंद पडला.

हे रस्ते फार रुंद नाहीत. समोरून बैलगाडी आली की दोघांपैकी एकाला कडेच्या मुरमात उतरावे लागते. दोन्ही बाजूंना बाभळी आणि लिंब. लिंबाला तांबूस कोवळी पालवी फुटली होती. एखाद्या वस्तीजवळ आंब्याचा मोहोर इतका दाट येई की वासाने गाडी आपोआप मंदावावी. वडवळ नागनाथजवळचा डोंगर दिसला. औषधी वनस्पतींसाठी हा डोंगर प्रसिद्ध आहे आणि लोक त्याला संजीवनी बेट म्हणतात. बाबूजी दरवर्षी येथून कुठल्याशा झाडाची साल आणीत आणि आई ती उगाळून सर्वांना पाजी. झाडाचे नाव काय होते, ते त्याला आठवेना. विचारायला आता घरात कोणी नव्हते. रेल्वेचे फाटक बंद होते. एरवी अशा वेळी तो मोबाइल काढून भाव पाहतो. त्या दिवशी इंजिन बंद करून तो पलीकडच्या शेतातल्या काटेसावरीकडे पाहत राहिला. लाल फुलांवर साळुंक्यांची भांडणे चालली होती.

शिरूर ताजबंद ओलांडून हाडोळतीच्या दिशेने जाताना रस्त्याकडेला देवणी गाईंचा कळप लागला. वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे देवणीचे तीन प्रकार बाबूजींनी त्याला लहानपणी शिकवले होते. तोंड काळे आणि अंग पांढरे ती वानेरा, सगळी पांढरी ती बालंक्या, अंगावर काळे ठिपके ती शेवरा. धान्याच्या व्यापाऱ्याला गाईंच्या जाती कशाला हव्यात, असे त्याने तेव्हा विचारले होते. बाबूजींनी उत्तर दिले होते, "दावणीला कोणते जनावर आहे ते पाहिले की घर चालले आहे की बुडते आहे ते कळते. ते वहीत लिहिलेले नसते."

दुपारी एकच्या सुमारास गाडी बंद पडली. प्लगवर काजळी धरली होती. एका चिंचेखाली गाडी लावून त्याने प्लग उघडला आणि पॉलिश कागदाने घासू लागला. मेंढरे घेऊन एक म्हातारा धनगर सावलीला बसला होता. तो बराच वेळ गाडीकडे पाहत होता. शेवटी त्याने विचारले, "ही गाडी लातूरच्या शेटजींची न्हवं?" त्याने होय म्हटले. म्हातारा म्हणाला, "आवाज लांबून वळखला. म्हटलं, ते तर गेले म्हणतात, मग गाडीवर कोन?" मग थोडे थांबून त्याने काठीने पुढचा फाटा दाखवला. "आप्पांकडं चाललाव का? रानातच हैत. हरभरा काढायलेत."

गाडी सुरू झाली. फाटा अर्ध्या मैलावर होता. डावीकडचा रस्ता सरळ कंधारला जात होता आणि उजवीकडचा मन्याडच्या काठच्या एका खेड्याला.

सकाळपासून त्याने स्वतःला सांगितले होते की, आतला रस्ता बाबूजींच्या आठवणीसाठी घेतला. फाट्यावर गाडी उभी करून पाय टेकल्यावर त्याच्या लक्षात आले की ते तितकेसे खरे नव्हते.

आप्पांचे खाते पेढीवर १९७३ साली उघडले गेले. १९७२ चा दुष्काळ नुकताच सरला होता. लोकांनी खडी फोडून आणि सुकडी व लाल मिलो खाऊन दिवस काढले होते, आणि पेरायला घरात बी नव्हते. बाबूजींनी तेव्हा तरुण असलेल्या आप्पांना ज्वारीचे बी उधार दिले. पुढची बेचाळीस वर्षे त्या घराचा दाणा दुसऱ्या दुकानात गेला नाही. आप्पा बाजाराला आले की माल काट्यावर चढण्याआधी गादीवर बसत, पाणी पीत, बाबूजींना गावाकडची हकिकत सांगत. पट्टी हाती पडली की न वाचता घडी करून टोपीत ठेवीत.

मग २०१५ साल आले. आदल्या वर्षीही पाऊस दगा देऊन गेला होता. जूनमध्ये पेरलेले जुलैत करपले. दुबार पेरणीसाठी आप्पा उचल मागायला आले. बाबूजींनी तोवर गादी मुलाकडे सोपवली होती. पेढीची स्थितीही बिकट होती. गावोगावची बाकी थकलेली, बँकेचे व्याज चढलेले, बाजारात आवक नाही. पुढच्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल २०१६ रोजी दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी आली, तेव्हा फलाटावर लोक ते पाहायला जमले होते. असे ते वर्ष. त्याने आप्पांना सांगितले, आधीची बाकी द्या, मग पुढचे पाहू. दुकानात तेव्हा सहा-सात माणसे होती. आप्पांनी मान हलवली आणि ते गेले.

त्यांनी लाल कंधारी बैलांची जोडी हाळी-हंडरगुळीच्या बाजारात विकून बी आणले, हे नंतर कळले. २०१६ साली पाऊस भरपूर झाला, तूर अमाप पिकली आणि भाव कोसळले. त्या पडत्या भावातही आप्पांनी एका टेम्पोवाल्याच्या हाती सगळी बाकी व्याजासह, रुपया न चुकवता पाठवली. माल मात्र दुसरीकडे घातला. मुनिमाने खात्याखाली तांबडी रेघ ओढली. बाकी फिटल्याचा पेढीला आनंद व्हायला हवा होता. त्या संध्याकाळी बाबूजी वही उघडी ठेवून बराच वेळ त्या रेघेकडे पाहत बसले.

त्यानंतर प्रत्येक पर्युषणात, संवत्सरीच्या दिवशी, बाबूजी एकच प्रश्न विचारीत, "आप्पांना क्षमापना केलीस का?" तो म्हणे, "सगळ्यांना संदेश गेला आहे, बाबूजी." खरोखरच जात असे. हात जोडलेल्या चित्रासह 'मिच्छामि दुक्कडम्' एका बोटाने साडेसहाशे लोकांना जाई आणि त्याहून अधिक त्याच्याकडे येत. आप्पांजवळ बटणांचा फोन होता. त्यावर तो संदेश पोहोचणे शक्य नव्हते, हे दोघांनाही ठाऊक होते. बाबूजी पुढे काही बोलत नसत. गेले त्या वर्षीही त्यांनी विचारले होते.

त्याने गाडी उजवीकडे वळवली.

रानात हरभऱ्याचे ढीग पडले होते आणि एका कडेला, पाण्याच्या सरीत, उशिरा पेरलेला एक पट्टा अजून हिरवा होता. आप्पा तेथे डहाळा उपटत होते. गाडीचा आवाज ऐकून ते वाकलेलेच थांबले आणि मग सावकाश सरळ झाले. वय ऐंशीच्या घरात, पण नजर तीच. त्यांनी गाडीकडे पाहिले, मग त्याच्याकडे. हातातला डहाळा खाली ठेवला नाही.

"लई दिसानं आलाव," ते म्हणाले.

आंब्याखाली बाज होती. आप्पा बाजेवर बसले. तो उभा राहिला. काही क्षण तसेच गेले. मग आप्पांनी बाजेवर हात थोपटला, "बसा की." तो बसला. दावणीला बैल नव्हते. एक लाल कंधारी गाय आणि तिची कालवड होती. नांगरट आता भाड्याच्या ट्रॅक्टरने होते, असे आप्पांनी सांगितले. मुलगा गावातच आहे, नातू नांदेडला शिकतो. बाबूजींचा विषय दोघांनीही काढला नाही.

त्याने रस्त्यात पुष्कळ वाक्ये जुळवली होती. दुष्काळाची, व्याजाची, बँकेच्या पत्रांची. ती सगळी बाजूला राहिली. तो एवढेच म्हणाला, "आप्पा, त्या वर्षी मी चुकलो. क्षमा मागायला आलोय. यायला दहा वर्षे लावली, त्याचीही."

आप्पा बराच वेळ घाटे सोलत राहिले.

"उचल दिली न्हाई, त्यात तुमचं काय चुकलं?" ते म्हणाले. "तवा तुमच्यापाशी तरी काय हुतं? दुकान चालवायचं तर कुनाला तरी न्हाई म्हनावंच लागतंय. म्या शेतकरी हाय, मला ते कळतंय. पर शेट, म्या चाळीस वर्सं त्या गादीवर बसलो. त्या दिवशी तुम्ही मला बसा म्हनला न्हाई. उभ्याउभ्या बोललाव."

त्याला ते आठवत नव्हते. आठवण्याचा प्रयत्न केला तरी आठवेना. सहा-सात माणसे, फोन, कोणाची तरी पट्टी अडलेली, एवढेच आठवत होते. दहा वर्षे त्याने पैसे नाकारल्याचे ओझे वाहिले होते आणि त्यासाठी समर्थनही तयार ठेवले होते. ज्याचे समर्थन करता येणार नाही ती गोष्ट त्याच्या लक्षातच राहिली नव्हती.

"शेटजी गेले तवा आलो हुतो," आप्पा पुढे म्हणाले. "तुमच्या गल्लीच्या चौकापतुर. गाड्या लई हुत्या. मानसं मोठी मोठी. तितूनच हात जोडून माघारी फिरलो."

यावर बोलण्यासारखे काही नव्हते. आंब्यावरून मोहोराची बारीक भुकटी दोघांच्याही अंगावर पडत होती.

आप्पांच्या घरच्या काकी जेवण घेऊन रानात आल्या. पाहुणा कोण ते कळल्यावर त्यांनी फडके सोडता सोडता सांगितले, "मिरचीत लसूण हाय. तुम्ही बसा, म्या बिनलसनाची करून आनते." तो नको नको म्हणत असताना त्या परत गेल्या. शेटजींना लसूण चालत नाही, कांदा चालत नाही, ते पाणी आपल्याच बाटलीतले पितात आणि दिवस मावळला की जेवत नाहीत, हे त्यांनी दहा वर्षांत विसरले नव्हते. अर्ध्या तासाने टाळकी ज्वारीची ऊन भाकरी, शेंगदाणे घालून वाटलेली मिरची, तूप आणि गूळ आले. तो आणि आप्पा एकाच फडक्यावर बसून जेवले.

उठताना आप्पांनी आपणहून विषय काढला. "एक सांगतो. माल आता गावातच जमा हुतो. पोरांनी गट केलाय, कंपनी केलीया, तितं काटा बी हाय. तुमच्याकडं माल येईल म्हनून काय मी सांगत न्हाई."

"मालासाठी आलो नाही, आप्पा."

"ते कळलं," आप्पा म्हणाले आणि प्रथमच थोडे हसले. "मालासाठी आला असताव तर मोटारीत आला असताव."

त्यांनी डहाळ्याची एक मोठी जुडी करून गाडीच्या मागे सुतळीने बांधली. गाठ मारताना त्यांचा हात गाडीच्या मागच्या सीटवर क्षणभर थांबला. या सीटवर बसून ते बाबूजींबरोबर किती वेळा बांधाबांधाने फिरले असतील, ते त्यांनाच ठाऊक.

साडेचारच्या सुमारास तो निघाला. मन्याड ओलांडून कंधार आले. राष्ट्रकूटांच्या वैभवाच्या काळातले हे नगर. त्यांचा तो किल्ला आणि जगत्तुंग समुद्र नावाचा तलाव अजून आहे. उतरत्या उन्हात तलावाच्या पाण्याला तांबूस झाक आली होती आणि काठावर बगळे एका पायावर उभे होते. किल्ला पाहायला थांबावे असे त्याच्या मनात होते, पण दिवस मावळण्याच्या आत नांदेड गाठायचे होते. उस्माननगरच्या रस्त्याने तो पुढे गेला. शेवटच्या टप्प्यात पुन्हा मोठा रस्ता लागला, मोठी वाहने वाऱ्याचा झोत देत शेजारून निघून जाऊ लागली. विष्णुपुरीला गोदावरीच्या बाजूने गार वारा आला. तो तीसच्या काट्यावरच चालला.

बहिणीच्या दारात गाडी थांबली तेव्हा सूर्य मावळायला थोडा वेळ होता. भाचा धावत बाहेर आला आणि गाडीभोवती फिरू लागला. बहीण दारातूनच म्हणाली, "हात-पाय धुऊन घे, पान वाढलंय. दिवस बुडायच्या आत जेवून घे."

"जेवून आलोय, जीजी."

"कुठे?"

त्याने गावाचे नाव सांगितले. मागे बांधलेली जुडी सोडून तिच्या हातात दिली. ती काही बोलली नाही. डहाळा पदरात घेऊन ती बराच वेळ उंबऱ्यावर उभी राहिली. बाबूजी फेरीवरून परतत तेव्हा अशीच जुडी गाडीला बांधलेली असे आणि दोघे भावंडे उंबऱ्यावर बसून घाटे सोलत.

दुसऱ्या दिवशी तो महामार्गाने बसमधून लातूरला परतला. अडीच-तीन तास लागले. पळस येताना होते तसेच असतील. त्याचे लक्ष नव्हते. त्याने खिशातली छोटी वही काढून काही नावे लिहायला घेतली होती.

भाद्रपदात संवत्सरी आली. त्या वर्षी साडेसहाशे लोकांना संदेश गेला नाही. काही नातेवाइकांनी फोन करून विचारलेदेखील, तब्येत बरी आहे ना. त्याच्या वहीत सात नावे होती. त्यांत एक जुना हमाल होता, एक चुलतभाऊ होता, एक बाजारातलाच प्रतिस्पर्धी होता. बाकीचे चौघे खेड्यांतले. राजदूत नांदेडात भाच्याकडे असल्यामुळे तो एसटीने गेला आणि फाट्यावरून पायी. दोन ठिकाणी त्याला बसा म्हटले गेले. एका ठिकाणी दार उघडले नाही. तो ओट्यावर थोडा वेळ बसून परतला.

दिवाळीत वहीपूजन झाले तेव्हा सातपैकी पाच नावे झाली होती. पेढीच्या गादीसमोर आता दोन खुर्च्या ठेवलेल्या असतात. कोणी आत आले की मुलगा संगणकावरून मान वर काढून आधी "बसा" म्हणतो आणि मग काम विचारतो. त्याला ते का शिकवले गेले, हे त्याने अजून विचारलेले नाही. येत्या फाल्गुनात भाचा राजदूत घेऊन लातूरला येणार आहे. आतल्या रस्त्याने यायचे असेल तर कोणता फाटा उजवीकडे वळतो, ते त्याला कागदावर काढून दिले आहे.